मुळावर आलेली कीर्ती

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की हल्ली प्रत्येक घरात एक तरी माणूस असा निघतो, जो चकलीकडे पाहून सुस्कारा सोडतो आणि ‘मला नको, प्रेशर आहे’ म्हणतो. घरातल्या मंडळींनाही त्यात काही विशेष वाटत नाही. सकाळी चहाबरोबर एक गोळी, महिन्याकाठी दंडाला पट्टा बांधून घेणे, लोणच्याची फोड हळूच ताटाच्या कडेला सारणे, हा मध्यमवर्गीय संसाराचा पन्नाशीनंतरचा नित्यक्रमच होऊन बसला आहे. पण ही गोळी नव्हती तेव्हा लोक काय करीत? रक्तदाब मोजता येत होता, तो वाढला की माणूस दगावतो हेही ठाऊक होते. उपाय मात्र जवळजवळ नव्हता. मीठ बंद, नुसता भात आणि फळे, अंथरुणात पडून राहणे, आणि अगदीच गळ्याशी आले तर कण्यालगतचे मज्जातंतू कापून टाकण्याची जीवघेणी शस्त्रक्रिया. डॉक्टर धीर देत आणि नातेवाईक नवस बोलत.

अशा वेळी, १९४९ साली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील एक तरुण हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या विलायती नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्या रानात उगवणाऱ्या एका झुडपाचे मूळ पोटात दिले असता वाढलेला रक्तदाब उतरतो, असा त्याचा मथितार्थ होता. तो निबंध बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला, त्यांनी प्रयोग करून पाहिले, आणि दोन-तीन वर्षांत त्या मुळाचे नाव जगभर झाले. डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतले लास्कर पारितोषिक मिळाले. ते झुडूप म्हणजे सर्पगंधा.

प्रस्तुत लेखकाचा पेशा मराठी शिकवण्याचा; वनस्पतिशास्त्राशी त्याचा संबंध शेजाऱ्याच्या बागेपुरता. तेव्हा या झुडपाच्या नादी तो कसा लागला, असे कोणी विचारील. खरे सांगायचे तर नावामुळे. सर्पगंधा! काय सुंदर आणि काय भीतिदायक शब्द आहे! चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तो येतो. मात्र त्यांची सर्पगंधा आणि आजची सर्पगंधा एकच की काय, यावर वैद्यांत एकमत नाही. नाकुली असेही एक नाव हिला लावतात, कारण नागाशी झुंज देण्यापूर्वी मुंगूस हिचा पाला खातो अशी समजूत. ही कथा फार जुनी आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे; मुंबईचे बेट एके काळी त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने सर्पविषावरच्या मुळ्यांच्या प्रकरणात मुंगसाची गोष्ट सांगितली आहे. मुंगूस खरोखर काय खातो ते मुंगसालाच ठाऊक. परंतु वाळलेल्या मुळाला सर्पाचाच काय, सांगण्यासारखा कसलाच वास नसतो. चव मात्र अशी, की जिभेच्या टोकाला लागली तर तासभर चहा गोड लागू नये.

शास्त्रीय नावाची तर आणखीच मौज. लिओनार्ड राउवोल्फ हा सोळाव्या शतकातला जर्मन वैद्य. औषधी शोधीत तो सिरिया आणि इराकपर्यंत भटकला. हिंदुस्थान त्याने पाहिलाही नाही. पुढे १७०३ साली प्लुमिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच्या स्मरणार्थ या कुळाला राउवोल्फिया नाव दिले. त्यामुळे कोकणातल्या एखाद्या घळीत वाढणाऱ्या आमच्या या झुडपाला जगात ओळखतात ते राउवोल्फिया सर्पेंटिना म्हणून.

आता ते दिसते कसे, ते सांगतो. गुडघ्याएवढे, फार तर कमरेएवढे झुडूप. पाने तकतकीत हिरवी, टोकाशी निमुळती, आणि एकेका पेरावर बहुधा तीन-तीनांच्या चक्रात. फुले पांढरी, पण त्यांचे देठ लालभडक, त्यामुळे दुरून गुच्छच तांबूस वाटतो. फळे वाटाण्याएवढी, पिकली की जांभळट काळी. आणि मातीखाली ते प्रसिद्ध मूळ : वेडेवाकडे, बोटाएवढे जाड, भुरक्या-पिवळ्या सालीचे. सारा गुण त्या सालीत. सावली, ओल आणि कुजलेल्या पाचोळ्याची भुसभुशीत माती ही त्याची आवड. म्हणजे जिथे मोठ्या झाडांचे छत शाबूत आहे, तिथेच ते सुखाने नांदते.

मुंबईहून गोव्याच्या वाटेवर पेण लागते. गणपतीच्या मूर्तींचे पेण आपल्या सर्वांच्या परिचयाचे. पुढे नागोठण्याहून आत वळले की कुंडलिकेच्या काठचे रोहे. चिंतामणराव देशमुखांचे गाव. या दोन तालुक्यांत एकीकडे खाडी आणि मिठागरे, तर दुसरीकडे डोंगर आणि जंगल. सरकारदप्तरी १९८१ पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता, आता रायगड. रोह्याहून मुरुडकडे जाणारा रस्ता घाट चढू लागला की फणसाडचे रान सुरू होते. जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांची ही शिकारीची जागा. नबाबांनी शिकारीसाठी जंगल राखले म्हणून ते वाचले, हा इतिहासाचा एक चमत्कारिक न्याय. १९८६ साली त्याचे अभयारण्य झाले. ऐन, किंजळ, जांभूळ, गारंबीचे अजस्र वेल, आणि ओहोळांच्या काठाने बारमाही हिरवी राहणारी गर्द झाडी. फणसाडच्या औषधी वनस्पतींची यादी कोणीही सांगू लागला की सीता-अशोकाबरोबर सर्पगंधेचे नाव येते. यादीत नाव येणे वेगळे आणि रानात झुडूप सापडणे वेगळे.

कोकणी माणसाला हे मूळ डॉ. वकिलांच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. विल्यम डिमॉक हे मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे प्रमुख. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दोन सहकाऱ्यांसह हिंदुस्थानी औषधींवर एक मोठा ग्रंथ काढला. त्यात त्यांनी नोंदवून ठेवले आहे, की दक्षिण कोकणातून मुंबईत येणारे बहुतेक मजूर या मुळाचा थोडा साठा जवळ बाळगतात आणि पोटात कळा येऊ लागल्या की वापरतात. पटकीवर सापसंदाबरोबर आणि पोटशूळावर कुड्याच्या मुळाबरोबर ते देण्याची कोकणी रीतही त्यांनी लिहिली आहे. गिरणगावातल्या खोलीत, खुंटीला टांगलेल्या पिशवीत, गावच्या मातीचा एवढासा कडू तुकडा! या एका नोंदीतून मला तो काळ जेवढा दिसला तेवढा पुष्कळ कादंबऱ्यांतून दिसला नाही.

पण त्या पिशवीतल्या तुकड्याने झुडपाचे काही बिघडत नव्हते. मराठीत ‘मुळावर येणे’ असा जो वाक्प्रचार आहे, तो या झुडपाच्या बाबतीत अक्षरशः खरा झाला तो कीर्तीमुळे.

ती कीर्ती कशी वाढत गेली हे पाहण्यासारखे आहे. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोघा वैद्यकतज्ज्ञांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर हे मूळ चालते असे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातून काही द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन म्हटले. मग १९४९ चा मुंबईचा निबंध. मग १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातले मुख्य द्रव्य शोधून काढले : रिसर्पीन. १९५४ मध्ये न्यू यॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते वेडाच्या रुग्णांवर वापरले. जिथे आरडाओरड चाले तिथे शांतता नांदू लागली. पुढे हेही कळले की काही रुग्णांना या औषधाने खोल उदासी येते. ती का येते याचा शोध घेता घेता मेंदूच्या रसायनशास्त्राचे एक दारच उघडले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रिसर्पीन देऊन निपचित पडलेल्या सशांना दुसरे एक द्रव्य देऊन पुन्हा हालते केले. त्यातून कंपवाताचे कारण हाती लागले आणि त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज ज्यांच्या घरी कंपवाताचा रुग्ण आहे, त्यांच्या औषधाच्या वंशावळीत कुठेतरी हे झुडूप बसलेले आहे.

इकडे रानात काय चालले होते? वंशावळ लिहिणाऱ्यांना त्याची फारशी दखल नाही. परदेशी कंपन्यांची मागणी आली आणि हिमालयाच्या पायथ्यापासून केरळापर्यंत मुळे उपटली जाऊ लागली. पन्नाशीच्या दशकातच सरकारला कच्च्या मुळाच्या निर्यातीवर बंधने घालावी लागली. तेव्हा परदेशी कारखानदारांनी आफ्रिकेतल्या तिच्याच एका मोठ्या बहिणीकडे मोर्चा वळवला. दरम्यान हार्वर्डच्या वुडवर्ड यांनी १९५६ साली रिसर्पीन प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. विद्वानांनी टोप्या उडवल्या. परंतु ती कृती इतकी लांबलचक आणि खर्चाची, की झाडाचे मूळ खणणेच स्वस्त पडले.

इथेच खरी मेख आहे. हिरड्याचे फळ वेचले तर हिरड्याचे झाड उभे राहते. शिकेकाईच्या शेंगा, बिब्बे, मोहाची फुले, सारे घेऊनही झाड पुढल्या वर्षासाठी शिल्लक उरते. सर्पगंधेचे तसे नाही. मूळ घ्यायचे म्हणजे झुडूपच घ्यायचे. बरे, एका झुडपातून मिळते किती? वाळल्यावर जेमतेम मूठभर. पोते भरायचे तर किती झुडपे मारावी लागतील याचा हिशेब वाचकांनीच करावा. मूळ कामाचे व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तोवर झुडपाने बी धरलेले असले तरी ते रुजेलच याचा भरवसा नाही. हिच्या पुष्कळशा बिया पोकळच निघतात. कवच कठीण, रुजवा कमी. तीही पाखरांनी नेऊन सावलीत, ओलीत टाकली तर. तेव्हा एखाद्या घळीतली झुडपे एकदा सरसकट खणून नेली की ती घळ कित्येक वर्षे सुनी राहते. वाघ मेला की वर्तमानपत्रात फोटो येतो. गुडघ्याएवढे झुडूप नाहीसे झाले तर तिथे उगवलेला टाकळाही बातमी देत नाही.

खणणारा एकटाच दोषी, असे मात्र म्हणता येत नाही. पेण-रोह्याच्या डोंगरांवर इतर संकटेही कमी नाहीत. मुंबईच्या चुलींसाठी आणि भट्ट्यांसाठी इथले लाकूड कोळसा होऊन किती गेले, त्याला गणती नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची आपल्या कोकणची जुनी चाल. त्यासाठी फांद्या तोडतात आणि पाचोळा गोळा करतात. शेतकऱ्याला त्याचा बोल लावता येणार नाही, पण सर्पगंधेचे पांघरूण जाते ते जातेच. फाल्गुन-चैत्रात वणवे लागतात. आणि अलीकडे एक नवे संकट आले आहे, ते आपल्या घरातूनच गेलेले. शनिवार-रविवार निसर्गाच्या कुशीत राहता यावे म्हणून शहरातले लोक डोंगरउतारावर प्लॉट घेतात. यंत्र येते, टेकडी तासते, झुडपे साफ करते. मग त्या जागी हिरवळ लावून पाणी मारतात. निसर्गाची कुस ती हीच. या अंकाच्या जाहिरातींची पाने चाळली तर अशी एखादी कुस तिथेही विक्रीला असेल.

औषधांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, हे पुष्कळांना ठाऊक असेल. २०२० नंतर औषधांच्या कच्च्या मालाचे एक भलेमोठे उद्यान मुरुड आणि रोहा तालुक्यांतच उभारण्याचा राज्य सरकारचा प्रस्ताव पुढे आला. गावकऱ्यांनी जमिनी देण्यास विरोध केला. २०२२ मध्ये केंद्राने अशा उद्यानांसाठी गुजरात, हिमाचल आणि आंध्र या राज्यांना पसंती दिली. उद्यान हा शब्द अशा कामी जुंपलेला पाहून भाषेच्या शिक्षकाला वाईट वाटते, ते असो. योगायोग एवढाच, की ज्या तालुक्यांच्या रानात औषधाचे मूळ आहे, तिथेच औषधाचे कारखाने मांडण्याचा बेत होता, आणि दोन्हींची एकमेकांशी ओळखदेख नव्हती.

कायदे आहेत. १९९० पासून सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. रानातून खणलेले मूळ परदेशी पाठवण्यास आपल्याकडे मनाई आहे. लागवडीचे असल्यास दाखला लागतो. पण दळलेल्या मुळाचे चूर्ण शेतातले की रानातले, हे चूर्ण काही सांगत नाही. शिवाय देशातल्या बाजाराचे काय? आधुनिक डॉक्टर आता रिसर्पीन क्वचितच लिहून देतात. त्याहून चांगल्या गोळ्या आल्या. काष्ठौषधींच्या दुकानात मात्र सर्पगंधा चूर्ण आणि सर्पगंधा वटी यांना गिऱ्हाईक आहे. वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी, अशी आपली एक गोड समजूत. प्रेशरची चालू गोळी आणि वर हे चूर्ण, असे स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांनी वर सांगितलेली उदासीची हकीकत ध्यानात ठेवावी आणि आधी वैद्याला किंवा डॉक्टरला विचारावे. दुसरे असे, की पुडीत असते ते नेहमी सर्पगंधाच असते असे नाही. अमेरिकेतून आलेली तिची एक चुलत बहीण रस्त्याकडेला तणासारखी वाढते. तिची मुळे बेमालूम मिसळली जातात. अंगणात साप येऊ नये म्हणून रोपवाटिकेतून सर्पगंधा आणून लावणारे लोक आहेत. साप काही नावे वाचून फिरत नाहीत, पण त्या निमित्ताने एखादे झुडूप जगत असेल तर आपली हरकत नाही.

लागवड होऊ शकते, हे यातले समाधान. लखनौची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था आणि काही कृषी विद्यापीठे यांनी सुधारित वाण काढले आहेत. बी दगा देत असले तरी मुळाचा तुकडा मातीत पुरला तर त्याला कोंब फुटतो, आणि रानातल्या झुडपाचा जीवही त्यातच अडकलेला आहे.

गेल्या हिवाळ्यात रोह्याच्या बाजूच्या एका कातकरवाडीत ओळखीच्या शिक्षकाबरोबर जाणे झाले. तिथल्या एका आजीला आम्ही चित्र दाखवले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि हे कडू मूळ, एवढेच नाव सांगितले. पोट दुखले, बाई अडली, कोणाला पान लागले, की पूर्वी हेच. तिच्या सांगण्याप्रमाणे तिची आई सगळे मूळ कधी उपटत नसे. वरचे घेऊन खालचा तुकडा तसाच ठेवी आणि माती लोटून पायाने दाबी. पुढे व्यापाऱ्याची माणसे किलोच्या भावाने मागू लागली, तेव्हा तुकडा ठेवण्याइतका वेळ कोणाला राहिला नाही. तिने सांगितलेला भाव मी इथे लिहीत नाही. शहरातल्या दुकानात त्याच वजनाच्या पुडीला जे पडते, त्यापुढे तो लाजिरवाणा आहे, आणि लाज तिला वाटण्याचे कारण नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क रानातल्या लोकांना दिला. एखाद्या वाडीची ग्रामसभा ठरवू शकते की अमुक घळीतले मूळ तीन वर्षे कोणी काढायचे नाही, काढले तर तुकडा ठेवायचा, आणि ठेकेदाराला भाव आम्ही सांगू. अभयारण्याच्या हद्दीत खणणे वर्ज्य आहेच. हद्दीबाहेरच्या डोंगरांवर याहून परिणामकारक पहारा मला तरी सुचत नाही. वनखात्याचा एक रक्षक किती घळी पाहील? आजी बसल्या जागेवरून वीस सांगते.

अडचण निराळीच आहे. मी तिला विचारले, की हे झुडूप ओळखणारे वाडीत आता कितीजण असतील. तिने बोटे मोजली आणि एका हाताची बोटेसुद्धा संपली नाहीत. तिच्या नातवंडांना ते ठाऊक नव्हते. ती शिकवीत का नाही, असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. पण त्या आधीच उत्तर दिसले. वाडीतल्या बहुतेक दारांना बाहेरून कड्या होत्या. दिवाळी झाली की इथली माणसे मुलाबाळांसकट वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि परत येतात ती पावसाच्या तोंडावर. सर्पगंधेची पाने झडून मुळात गुण उतरतो तो मार्गशीर्ष-पौषात. ते दाखवण्या-शिकण्याचा, खालचा तुकडा किती ठेवायचा हे हाताने सांगण्याचा महिना तोच. त्या महिन्यात वाडीत आजी होती, दोन कुत्री होती, आणि विटा थापायच्या वयाचे न झालेले एक तान्हे मूल होते.